पंचांसमक्ष

पंचनाम्यात सोनं कधी नसतं. असते ती ‘पिवळ्या धातूची अंगठी’. चांदी नसते, ‘पांढऱ्या धातूचे पैंजण’ असतात. रक्तसुद्धा पुष्कळदा ‘रक्तासारखे दिसणारे डाग’ म्हणून कागदावर उतरतं. कारण उघड आहे. पंच साक्षीला उभा राहिला की बचावाचे वकील विचारणार, आपण सोनार आहात का? नाही ना? मग सोनं कशावरून? म्हणून डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं, असा खात्यातला जुना रिवाज. नव्या शिपायालाही तो लवकरच अंगवळणी पडतो. मुद्देमालाच्या बाबतीत इतकी काटेकोर असलेली ही लेखणी माणसांच्या बाबतीत मात्र चटकन सैल सुटते. अंगठीला पिवळी म्हणून थांबते आणि माणसाला चोर म्हणून मोकळी होते.

आमच्या घरात हा विषय पिढीजात आहे. आजोबा, म्हणजे आबा, निजामाच्या राज्यात पोलीस पटेल. मामा औरंगाबादच्या अदालत रोडवर एका फौजदारी वकिलांचे मुन्शी. काका पोलिसात हवालदार. आमचं मूळ गाव पूर्वेकडचं. पुढे एमआयडीसी झाली, घरातल्या पोरांना कामं लागली आणि बिऱ्हाड चिकलठाण्याच्या जुन्या गावात, सुखना नदीच्या अंगाला आलं. उन्हाळ्यात अंगणात बाजा पडल्या की दुसऱ्यांच्या घरी भुताखेतांच्या गोष्टी चालत. आमच्याकडे पंच फितूर झाल्याच्या, मुद्देमाल बदलल्याच्या, सरकारी वकिलानं ऐनवेळी साक्षीदार गाळल्याच्या. आम्हा पोरांना चोरापेक्षा चोर लिहिणाऱ्याचीच जास्त भीती वाटायची.

आबांची गोष्ट समजायची तर तेव्हाची व्यवस्था डोळ्यांपुढे आणावी लागते. निजामाच्या मुलखात गावाला दोन पटेल असत. माली पटेल वसुलीचा, पोलीस पटेल बंदोबस्ताचा. सोबत पटवारी आणि रात्री गस्त घालणारा जागल्या. वर ठाण्याला अमीन, म्हणजे आजचा फौजदार. त्याच्या वर मोहतमिम, म्हणजे पोलीस अधीक्षक. आणि साऱ्यांच्या डोक्यावर जिल्ह्याचा अव्वल तालुकदार. गावात अनोळखी माणूस उतरला, विहिरीत प्रेत तरंगलं, कुणाचं घर फुटलं की पहिली वर्दी पोलीस पटेलानं द्यायची आणि अमीन आले की पंच म्हणून पुढं उभं राहायचं.

कारभाराची भाषा उर्दू. गावात बोलणं मराठीत, रडणं मराठीत, शिव्याही मराठीत, पण फिर्याद उतरायची उर्दूत. ज्याच्या नावानं कागद होत होता त्याला तो वाचता येत नव्हता, आणि ज्याचा अंगठा त्यावर उठत होता त्यालाही नाही. खालच्या कोर्टात चूक झाली तर दाद मागायला थेट हैदराबाद. मनमाड-हैदराबाद मीटरगेज १९०० साली सुरू झाली होती, चिकलठाण्याच्या ठेसनावरून गाडीत बसता येत होतं, पण वकिलाची फी रेल्वे देत नव्हती. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा हैदराबादच्या जागी मुंबई आली, अंतर तसंच राहिलं. आज शहरातून जालना रस्त्यानं आमच्याकडे निघालं की आधी हायकोर्टाचं खंडपीठ लागतं, मग सिडको, एमआयडीसी, विमानतळ. ते खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालं. त्याआधीच्या गरीब आरोपीच्या दृष्टीनं चावडीत झालेला पहिला कागद हाच बहुधा शेवटचा असायचा. अपील हा शब्द त्याच्या उपयोगाचा नव्हता.

तर आबांची गोष्ट. स्वातंत्र्याच्या एक-दोन वर्षं आधीची. गावातल्या सावकाराचा वाडा मागच्या भिंतीतून फोडला. गोठ, सरी, पुतळ्यांची माळ, असा ऐवज गेला. त्याच आठवड्यात ओढ्याकाठी पारध्यांची पालं पडली होती, आणि एवढं पुरेसं होतं. इंग्रजांनी १८७१ साली कायदाच केला होता की काही जमाती जन्मानंच गुन्हेगार. तो देशभरातून रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. संस्थानी मुलूख असला म्हणून पोलिसांची नजर काही निराळी नव्हती. चोरी झाली की पालं शोधायची, पालं नसली तरच चोर.

अमीन घोड्यावरून आले, तीन पारधी धरले आणि दुसऱ्या दिवशी आबांना चावडीत बोलावणं आलं. कागद तयार होता. दुसऱ्या पंचाचा अंगठा आधीच उठला होता. आबांची चार बुकं उर्दूतून झालेली, त्यामुळे त्यांना वाचता येत होतं, आणि घोटाळा तिथंच झाला. कागदात लिहिलं होतं की आरोपीनं स्वतः होऊन बाभळीखालची जागा दाखवली आणि पंचांसमक्ष तिथून एक गोठ उकरून काढला.

“पटेल, दस्तखत करो.”

“साहेब, मी बाभळीखाली गेलोच नाही.”

“तो चलो. अब्बी दिखातूं.”

गेले. बाभळ होती, खाली ताज्या मातीचा खड्डाही होता. गोठ मात्र अमिनांच्या रुमालात होता. त्यांनी तो रुमाल सोडून दाखवला आणि पुन्हा गाठ मारली. आबांनी चावडीत परत येऊन त्या उर्दू कागदाच्या खाली मराठीत तीन ओळी लिहिल्या: खड्डा पाहिला. गोठ रुमालात पाहिला. जमिनीतून निघताना पाहिला नाही. आणि सही केली.

ही गोष्ट सांगताना आबा कधी छाती पुढे काढायचे नाहीत. उलट शेवट सांगायला लागले की आवाज चिडका व्हायचा. कारण शेवट काही न्यायाचा नव्हता. अमिनांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि नवा कागद केला. शेजारच्या गावचा पंच आणला. दोघे सुटले, एकाला शिक्षा लागून तो हर्सूलच्या जेलात गेला. आबांची पटेलकी काही काळ गेली. सावकाराचा बाकी ऐवज शेवटपर्यंत मिळाला नाही, म्हणजे खरा चोर कोण ते कुणालाच कळलं नाही. ते कळावं अशी कुणाला घाईही नव्हती.

आजीचं यावरचं मत ठरलेलं होतं. “तुझ्या आबाची सही लई महाग पडली बाबा. दोन सालं ज्वारी उसनी आणली म्या.” तिला कुणी रामशास्त्र्यांची गोष्ट ऐकवलेली. नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ ला खून झाला, शास्त्रीबुवांनी थेट राघोबादादांना दोषी धरलं आणि न्यायासनावरून उठून पुण्याबाहेर पडले. ‘ध’ चा ‘मा’ केल्याची आख्यायिकाही तिला पाठ होती. खरीखोटी देव जाणे, पण महाराष्ट्रानं जन्मभर लक्षात ठेवलेला गुन्हासुद्धा अखेर कागदातली खाडाखोडच आहे. आजी म्हणायची, “शास्त्री गेले निघून, त्यांना जायला जागा होती. आपलं रान इथंच, भावकी इथंच. आपण कुठं जावं?”

आजीचं हे ‘भावकी इथंच’ मला फार उशिरा समजलं. आबा गेल्यावर तिनं त्यांची दुसरी गोष्ट सांगितली. ती आबांनी अंगणात कधीच सांगितली नव्हती.

१९४८ चा सप्टेंबर. त्याआधीचं वर्ष रझाकारांच्या दहशतीत गेलेलं. त्या संघटनेचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील, म्हणजे कायद्याचाच माणूस, हे मराठवाड्यातली जुनी माणसं हटकून सांगतात. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. आपण तो दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो आणि पाळावा असाच तो आहे. पण त्यानंतरचे काही आठवडे आपल्या भाषणांत येत नाहीत. रझाकारांचा सूड गावोगावच्या साध्या मुसलमानांवर निघाला. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल यांच्यासोबत माणसं पाठवून चौकशी करवली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले आणि औरंगाबादलाही झळ लागली, असं त्या अहवालात आहे. सबंध संस्थानात किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली असावीत असा त्यांचा अंदाज. अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला.

आमच्या गावात एक पिंजारी होता. एका रात्री त्याचं घर लुटलं. आबांनी त्याच्या घरची बायापोरं आमच्या बळदाच्या खोलीत लपवली आणि दिवस उगवल्यावर सुखरूप पोचती केली. इथपर्यंत आजी सहज सांगायची. पुढं तिचा आवाज उतरायचा. नंतर नव्या राजवटीचा अंमलदार आला. फार विचारपूस त्यालाही करायची नव्हती, पण त्यानं पटेलाला एवढं विचारलं की लुटणारे कोण? आबा म्हणाले, “अंधार होता, ओळखू आले नाहीत.”

“ओळखले होते रे,” आजी म्हणायची. “पिंजाऱ्याची पिंजण आपल्याच भावकीच्या गोठ्यात कडब्याखाली होती. रोज दिसायची मला.”

आणि मग ती जे म्हणायची त्याला तोड नाही. “अमिनाला नाही म्हनला ना, त्यात काय मोठं? अमीन परका होता. भावकीला नाही म्हनून दाखवायचं व्हतं.”

न्याय आणि नीती या विषयावर पुढं मी पुष्कळ वाचलं, पण आजीच्या या एका वाक्यापलीकडे फारसं गेलो असं वाटत नाही. पोलीस, वकील, न्यायाधीश यांच्या सचोटीबद्दल आपण बोलतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे वरचा दाब असतो. मंत्र्याचा फोन, साहेबाचा हुकूम, पैशाचं पाकीट. हा दाब दिसतो, त्याला नाव असतं, त्याला नकार देणाऱ्याचा सत्कार होतो. बाजूचा दाब दिसत नाही. आपले लोक, आपली जात, आपला मोहल्ला, आपलं खातं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे आपला राग. ज्याच्यावर सगळं गाव चिडलेलं आहे त्याच्या बाजूचा पुरावा नोंदवायचा आणि ज्याच्याशी सोयरीक आहे त्याच्या विरुद्धचा लपवायचा नाही, या दोन कसोट्यांवर माणूस कळतो. आबा अमिनापुढे उतरले, भावकीपुढे नाही. त्यांच्या पहिल्या गोष्टीचा मला अभिमान आहे, पण दुसरी झाकून पहिली सांगणं म्हणजे पुन्हा अर्धाच पंचनामा करणं.

मामांच्या मुन्शीगिरीचा काळ याच्या नंतरचा. अदालत रोडवरच्या त्या ऑफिसात जुन्या निकालांची जाडजूड पुस्तकं होती आणि मामांना इंग्रजी बेताचं येत असलं तरी वकीलसाहेब बोलताना ऐकून ऐकून खटले तोंडपाठ झाले होते. त्यांचा आवडता खटला हैदराबाद संस्थानातला. वरंगळचा सुभेदार, म्हणजे आजच्या भाषेत विभागीय आयुक्त. डिसेंबर १९४७ मध्ये एका गावात गोळीबार झाला, माणसं मेली. सुभेदारानं समोर उभं राहून हुकूम दिला असा आरोप. संस्थान विलीन झाल्यावर खटला उभा राहिला, विशेष न्यायाधीशानं फाशी दिली, हैदराबादच्या हायकोर्टातही न्यायाधीशांत मतभेद होऊन अखेर ती कायम झाली. लोकांच्या मनात निकाल आधीच लागलेला. निजामाचा बडा अधिकारी, तो सुटावा असं वाटणारं कोण होतं?

१९५३ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. हबीब मोहम्मद विरुद्ध हैदराबाद राज्य. मामा इथं आवाज चढवायचे. कारण काय? तर घटनेच्या वेळी तिथं हजर असलेला बडा पोलीस अधिकारी सरकार पक्षानं साक्षीला आणलाच नाही. तो आला असता तर काय बोलला असता कुणास ठाऊक, पण सगळं पाहिलेला माणूस मुद्दाम बाहेर ठेवायचा आणि उरलेल्या साक्षींवर फाशी मागायची, हे चालणार नाही. शिवाय आरोपीला बचावाचे साक्षीदारही आणू दिले नव्हते. “सरकारी वकील कुणाचा?” मामा आम्हाला विचारायचे. आम्ही म्हणायचो, सरकारचा. “चूक. कोर्टाचा. केस जिंकणं त्याचं काम नाही, खरं काय ते पुढं ठेवणं त्याचं काम.” पाच वर्षांपूर्वी ज्या मुलखात सूडाचा वणवा पेटला होता, तिथल्याच एका खटल्यात दिल्लीत बसलेले न्यायमूर्ती म्हणत होते की तुमचा राग खरा असेल, पण पुरावा अर्धा आहे.

यावर काका हसायचे. “दिल्लीत बसून सोपंय. ठाण्यात बसून लिहा म्हणावं.” आणि त्यांचंही खोटं नव्हतं.

काकांची गोष्ट आमच्या डोळ्यांदेखतची. २६ एप्रिल १९९३, ऐन दुपार. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला उडालं. धावपट्टीच्या टोकाबाहेरून बीड रस्ता जात होता आणि त्यावरून कापसाच्या गठाणींनी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचं चाक ट्रकला धडकलं, पुढं ते विजेच्या तारांवर आदळून शेतात पडलं. विमानात ११८ माणसं होती, त्यातली ५५ गेली. भर उन्हात धूर वर चढलेला दिसत होता, लोक मिळेल त्या वाहनानं तिकडे धावले.

काकांची ड्यूटी पुढं घाटी रुग्णालयात, मृतांच्या अंगावरच्या वस्तूंची नोंद करायला. नातेवाईक दिल्लीचे, मुंबईचे, परदेशातले. चेहरे ओळखू येण्यासारखे उरले नव्हते, तिथं एखाद्या अंगठीवरून, घड्याळावरून ओळख पटायची. काका सांगायचे की एक बाई समोर उभी राहून म्हणाल्या, हे सोनं आहे हो, पिवळा धातू काय लिहिता, माझ्या आईनं दिलेलं आहे. काकांनी कागदावर पिवळा धातूच लिहिलं. मग अंगठीच्या आतल्या बाजूला कोरलेली अक्षरं दिव्याखाली धरून एकेक करून उतरवून घेतली, नक्षी कशी आहे ते लिहिलं, कुठं झिजली आहे ते लिहिलं. नियमात हे बसवायला सगळा वेळ गेला, मागे रांग लागली, वरिष्ठ ओरडले. पण त्या नोंदीवरून ती अंगठी दुसऱ्या कुणाला जाण्याची सोय उरली नाही. नियम पाळूनही माणसाशी माणसासारखं वागता येतं, फक्त शाई आणि वेळ जास्त लागतो, असं त्यांचं म्हणणं.

त्याच गोष्टीचं दुसरं टोक त्यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. अपघात झाला त्या संध्याकाळी गावातली सगळी बोटं ट्रककडे होती. ट्रकवाल्यानंच घात केला, चहाच्या टपरीवर निकाल लागून गेला होता. पुढं चौकशीत आलं ते वेगळं. विमान वेळेत वर उचलण्यात वैमानिकांची चूक झाली होती, आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित करण्यात विमानतळाची यंत्रणा कमी पडली होती. रस्त्यावरून ट्रक जाणं हा काही ट्रकचा गुन्हा नव्हे. काका म्हणायचे, “पंचावन्न मयत म्हणजे लोकांना एक माणूस हवा असतो. लगेच हवा असतो. आणि सगळ्यात जवळ सापडतो तो सगळ्यात गरीब.” टोपीवरच्या बिल्ल्यात सद्रक्षणाय आधी आहे आणि खलनिग्रहणाय नंतर, हे ते आम्हाला बोट ठेवून दाखवायचे.

आबांची बाभळ आणि काकांचा ट्रक एकाच ठिकाणी भेटताना पाहायचे असतील तर २००३ सालचा नाशिकचा खटला वाचावा. जूनमधली एक रात्र, नाशिकजवळच्या शेतातली झोपडी. दरोडेखोर शिरले, एकाच घरात पाच जणांचा खून झाला. मेलेल्यांत एक पंधरा वर्षांची मुलगी होती, तिच्यावर बलात्कार झाला होता. वाचून आजही हात थरथरतात. पोलिसांनी सहा जण धरले. भटक्या जमातीतले मजूर, आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या तिघांनाही पुन्हा फाशीच दिली. कुणालाही वाटावं, तीन पायऱ्यांवर तपासून निघालेला निकाल आहे, आता संशयाला जागा कुठली?

जागा अगदी पहिल्या पायरीवर होती. वाचलेल्या साक्षीदार बाईंना घटनेनंतर लगेचच पोलिसांनी गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. त्यांनी त्यातल्या चार जणांवर बोट ठेवलं होतं. ते चौघे या सहा जणांतले नव्हते. त्या चौघांचा पुढं तपासच झाला नाही. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्वतःचाच आधीचा निकाल मागे सारून सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि चुकलेल्या अधिकाऱ्यांना शोधून, ते अजून नोकरीत असतील तर, कारवाई करायला सांगितलं. तोवर सोळा वर्षं तुरुंगात गेली होती, त्यातली बरीचशी फाशीच्या छायेत. त्यांच्यातला एक तर घटनेच्या वेळी अज्ञान होता.

या सोळा वर्षांत लाचेचा कुठं उल्लेख नाही, मंत्र्याचा फोन नाही. वरचा दाब असल्याचं निकालात कुठं दिसत नाही. दाब होता तो त्या रात्रीच्या क्रौर्याचा. एवढं भयंकर घडल्यावर कुणीतरी सापडायलाच हवं, आणि सापडलेले सोडायचे नाहीत. हा दाब तपास करणाऱ्यावर असतो, सरकारी वकिलावर असतो आणि काळा झगा घातला म्हणून न्यायाधीशावर नसतो असं नाही. उलट दिशेचा दाखलाही याच खटल्यात आहे. २००९ च्या त्या निकालातलं फाशीचं समर्थन ज्या जुन्या निवाड्यावर टेकलं होतं, तो निवाडाच चुकीचा होता हे पुढं न्यायालयानंच मान्य केलं. तेव्हा २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली की अशा निकालांमधल्या फाशी रद्द करा. निवृत्त न्यायाधीशानं आपल्याच बिरादरीची चूक जाहीरपणे दाखवायची, हे भावकीला नाही म्हणणंच झालं. आजीनं ऐकलं असतं तर मान डोलावली असती.

आता कायदा बदलला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. सात वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं, अशी तरतूद आली, ती टप्प्याटप्प्यानं अमलात येईल. चांगलंच आहे. आबांच्या अमिनांना मोबाईल दिला असता तर रुमालातला गोठ बाभळीखाली नेणं अवघड गेलं असतं. पण अशक्य नव्हे. कॅमेरा कधी सुरू करायचा, खड्डा खणण्याआधी की खणल्यावर, हे शेवटी कुणीतरी माणूसच ठरवतो. अल्बममधल्या चार फोटोंकडे दुर्लक्ष करायला चित्रीकरण आड येत नाही.

म्हणून पुन्हा पंचाकडेच यावं लागतं. झडतीला परिसरातले दोन तरी स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच हवेत हे जुन्या कायद्यात होतं, नव्यातही आहे. विनाकारण नकार देणं हा गुन्हा आहे. प्रत्यक्षात काय होतं ते एमआयडीसीच्या कुठल्याही चौकात पाहावं. पोलिसांची गाडी थांबली आणि हवालदारानं ‘दोन माणसं हवीत’ म्हटलं की टपरीवरची गर्दी पांगते. कुणाची पाळी असते, कुणाला गाडी पकडायची असते. कोर्टाच्या तारखा कोण खाणार? मग ठाण्यातले ठेवणीतले पंच बोलावले जातात, कुठल्याही कागदाच्या कुठल्याही टोकाला सही करणारे. कोर्टात बचाव पक्ष त्यांना सहज फोडतो. खरा आरोपी सुटतो, नाहीतर खोटा अडकतो, आणि दोन्ही वेळा आपण टपरीवर बसून व्यवस्थेला शिव्या देतो.

पोलिसांची, वकिलांची, न्यायाधीशांची नीतिमत्ता हा त्यांच्या प्रशिक्षणाचा विषय आहे आणि तो त्यांना शिकवावा. आपल्या वाट्याला येणारा भाग लहान आहे, पण तो टाळण्यासारखा नाही. बोलावलं तर जावं. जागेवर उभं राहून पाहावं. कागद लिहून झाल्यावर वाचावा, नाहीतर वाचून दाखवायला लावावा. पाहिलं नसेल ते खोडायला लावावं, पाहिलं असेल आणि उतरलं नसेल ते लिहायला लावावं. साहेब वैतागतील, दहा मिनिटं जास्त लागतील. आणि खड्ड्यातून निघालेली वस्तू आपल्याच भाऊबंदाच्या गोठ्याकडे बोट दाखवत असेल, तर अंधार होता असं म्हणू नये.